शाळेच्या रंगमंचावर आलेली अमेरिका

'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरा झाला. ग्रंथाच्या आरंभी जोतीराव फुल्यांनी काही गावांची नावं दिली आहेत. मजकूर तयार होत असताना तो ज्यांना वाचून दाखवला, त्यांची ही गावं: पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी आणि अलिबागकडचं कुरूळ. कर्जतच्या माणसाची नजर यातल्या वंगणीवर थांबते. बदलापूर सोडलं की वांगणी, मग शेलू, मग नेरळ, हा आमचा रोजचा लोकलचा रस्ता. यादीतलं गाव हेच, असं मी ठाणे आणि कुरूळ यांच्या सोबतीवरून धरून चालतो. तसं धरलं तर या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांपुढे त्या काळात एका पुस्तकाचं वाचन झालं होतं, आणि ते पुस्तक त्यांच्याच घरातल्या कर्जाबद्दल, देवधर्मावर होणाऱ्या खर्चाबद्दल, कचेरीतल्या नाडवणुकीबद्दल होतं.

ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी असं वाचन म्हणजे प्रयोगच. एकजण उभा राहतो, बाकीचे ऐकतात, मध्येच विचारतात, हसतात, चिडतात. जोतीरावांनी हा मार्ग म्हातारपणी शोधून काढला नव्हता. पहिल्यापासून ते बोलक्या रूपातच लिहीत आले होते: १८५५ मध्ये नाटक, १८६९ मध्ये पवाडा, १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा संवाद. त्यातल्या १८७३ च्या संवादाच्या पहिल्या पानावर अमेरिका आहे.

अमेरिकेतला काळा माणूस आणि महाराष्ट्रातला दलित-बहुजन तरुण यांचं नातं कधी जुळलं, असं विचारलं की बहुतेक जण १९७२ सांगतात. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिनं आपलं नाव ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतलं. ते खरंच आहे. पण कागद क्रमानं लावले तर हे नातं त्याच्या शंभर वर्षं आधीचं निघतं. आणखी एक गोष्ट त्यात दिसते, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हा दुवा जवळजवळ प्रत्येक वेळी शाळेत किंवा कॉलेजात बांधला गेला, आणि तिथून तो वस्तीपर्यंत पोचला तो पोराटोरांनी, मास्तरांनी, हौशी मंडळींनी केलेल्या नाटकातून, जलशातून, वाचनातून. धंदेवाईक मराठी रंगभूमीचा यात फारसा हात नव्हता. म्हणूनच तिच्या इतिहासात याची नोंद विरळ सापडते.

सुरुवात १८५५ पासून करावी लागते, कारण त्या एका वर्षातले दोन कागद आपल्याकडे आहेत.

पहिला कागद एका शाळकरी मुलीचा. पुण्याच्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये फेब्रुवारी आणि मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. हा निबंध आता पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचला आहे. त्यातला प्रश्न थेट आहे: ज्या धर्माचे ग्रंथ आम्ही वाचायचेही नाहीत, त्या धर्मात आमची जागा कुठली? निबंध छापणारं 'ज्ञानोदय' कुणाचं होतं, इकडे मात्र कमी लक्ष जातं. ते अमेरिकन मराठी मिशनचं नियतकालिक, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेलं. याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकेहून आल्या, नगरला त्यांनी मुलींची शाळा चालवली आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीरावांनी नगरला जाऊन ती शाळा पाहिली होती. पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का होण्यात त्या भेटीचा वाटा मोठा होता, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीतही नगरच्या या शाळेचं नाव येतं. म्हणजे जोतीरावांना अमेरिका भेटली ती एका शिक्षिकेच्या रूपात. 'गुलामगिरी'ची अठरा वर्षांनंतरची अर्पणपत्रिका वाचताना हे विसरून चालत नाही.

दुसरा कागद 'तृतीय रत्न' हे नाटक. त्या वेळी मराठीत नाटक म्हणजे विष्णुदास भाव्यांची परंपरा, १८४३ च्या 'सीता स्वयंवर'पासूनची. देव, दानव, राजे, युद्धं. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' यायला अजून पंचवीस वर्षं होती. आणि इथे जोतीराव एका कुणब्याच्या घरात नाटक नेतात. नवरा बाहेर गेलेला, बायको गरोदर, दारात जोशी येतो. पोटातल्या जिवाला ग्रहांची पीडा आहे असं सांगून तो तिला घाबरवतो, आणि पीडा टाळायची तर काय काय करावं लागेल ते सांगू लागतो. नवरा घरी येतो तोवर भीती घरात शिरलेली असते. मग ब्राह्मणभोजनाचा घाट, त्यासाठी काढलेले पैसे, आणि हळूहळू तळाला जाणारं घर. पुढे त्या जोडप्याची गाठ एका पाद्र्याशी पडते आणि देव, मूर्ती, विद्या यांवर बोलणं होतं.

या सगळ्यात एक विदूषक सतत हजर असतो. तो कथेत कुणाचा काही लागत नाही. जोशी एखादी थाप मारतो, विदूषक प्रेक्षकांकडे वळून तिची फोड करतो. बाई घाबरते, विदूषक तिच्या भीतीमागचं कारण सांगतो. संस्कृत नाटकातला खादाड विदूषक जोतीरावांनी उचलला आणि त्याला मास्तराचं काम दिलं. अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकाला डोळ्यांसमोर चाललेली फसवणूक तिथल्या तिथे वाचायला शिकवणारा हा माणूस आहे. नाटकाचा शेवटही त्याला धरूनच होतो. नवरा-बायको दोघंही फुल्यांच्या रात्रशाळेत जायचं ठरवतात. 'तृतीय रत्न' हे पुरतं घरगुती नाटक आहे. एक घर, एक जोडपं, एक होऊ घातलेलं मूल, आणि बाहेर पडायला दार एकच, शाळेचं.

हे नाटक त्यांनी मराठी ग्रंथांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते स्वीकारलं नाही, हे आपल्याला कळतं ते खुद्द जोतीरावांनी 'गुलामगिरी'त ती हकिगत लिहून ठेवली म्हणून. हस्तलिखित पडून राहिलं. ते छापून आलं १९७९ मध्ये, 'पुरोगामी सत्यशोधक' या त्रैमासिकात. लिहिल्यापासून एकशेचोवीस वर्षांनी.

आता मधली वीस वर्षं, आणि त्यात कर्जत. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. तिथून वर बोरघाट होता आणि तो चढायला गाडीवाट. घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमाराला ४२ हजारांवर माणसं राबत होती. पटकीनं आणि तापानं त्यांतली किती गेली याची आठवण या भागातल्या जुन्या घरांत अजून निघते. १८६३ मध्ये घाट आगगाडीला खुला झाला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी अमेरिकेत लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा अमलात आली होती. या दोन घटना शेजारी ठेवायला निव्वळ सालाचं निमित्त नाही. १८६१ ते १८६५ या काळात गुलामीच्या प्रश्नावर पेटलेल्या अमेरिकन यादवीनं तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा केला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनचा कापूस सोलापूर-पुण्याच्या बाजूनं खंडाळ्यापर्यंत यायचा आणि याच घाटानं मुंबईकडे उतरायचा. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. म्हणजे अमेरिकेतल्या गुलामीचा हिशेब कर्जतच्या रुळांवरून जात होता. त्या काळात पुण्यामुंबईत वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुठल्याही माणसाला अमेरिकेचं युद्ध माहीत नसणं शक्य नव्हतं.

'गुलामगिरी'च्या इंग्रजी प्रस्तावनेखाली १ जून १८७३ ही तारीख आहे. मराठी पुस्तक, पण अर्पणपत्रिका इंग्रजीतही. ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या सज्जन लोकांना उद्देशून आहे. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या उदात्त, निःस्वार्थ, त्यागी वृत्तीबद्दल आदर म्हणून हे पुस्तक त्यांना अर्पण केलं आहे, आणि माझ्या देशबांधवांनी तोच कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं अशी आशा त्यात केली आहे. इंग्रजीत लिहिलं म्हणजे ती वाचली जावी अशी अपेक्षा होती: सरकारी अधिकाऱ्यांनी, मिशनऱ्यांनी, आणि कदाचित नगरहून बोस्टनला पत्रं पाठवणाऱ्या कुणी.

पान उलटलं की भाषा बदलते आणि नाटक सुरू होतं. सगळं पुस्तक धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादात आहे, सोळा भागांत. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात, धोंडीबा पुन्हा खोदतो. १८५५ चा विदूषक आणि १८७३ चा धोंडीबा यांच्यात मला एकच धागा दिसतो. पहिला उत्तरं सांगत होता, दुसरा प्रश्न विचारतो, पण दोघंही ऐकणाऱ्याच्या बाजूचे आहेत.

अर्पणपत्रिकेत एक उणीव आहे, ती स्पष्ट सांगितली पाहिजे. तिच्यात मुक्ती देणारे दिसतात, मुक्ती मिळवणारे दिसत नाहीत. फ्रेडरिक डग्लससारखा स्वतः गुलामीतून पळून आलेला वक्ता, मळे सोडून उत्तरेच्या सैन्याला जाऊन मिळालेले हजारो गुलाम, यांचा तिथे उल्लेख नाही. पुढे १९३५ मध्ये काळे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी आपल्या ग्रंथात हीच बाजू उलटवून दाखवली. गुलामांनी काम टाकून जाणं हा एक प्रचंड संप होता आणि युद्धाचा निकाल त्यानं ठरवला, असं त्यांचं म्हणणं. १८७३ मध्ये पुण्यात बसून हे कळण्याची सोय नव्हती. तरीही आपल्याकडच्या दास्याचं माप घ्यायला जगातलं दुसरं दास्य शेजारी ठेवावं लागतं, हे ज्या काळात फारसं कुणाच्या मनात येत नव्हतं त्या काळात जोतीरावांनी ते केलं, याबद्दल मला वाटणारा आदर या उणिवेनं कमी होत नाही.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढच्या पिढीत त्यातून सत्यशोधक जलसा निघाला. तमाशाचा सांगाडा घेतला, मजकूर बदलला. गणात गणपतीऐवजी सत्याची किंवा जोतीरावांची आठवण, गौळणीत कृष्णाच्या खोड्यांऐवजी भटजींचे प्रश्न, आणि वगात शेतकऱ्याचं घर. 'तृतीय रत्न' पेटीत बंद होतं, पण त्याची गोष्ट गावोगाव चालूच होती, दुसऱ्या तोंडांनी.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि चवदार तळ्यावर लोक गेले. कर्जत आणि खालापूर तेव्हा त्याच कुलाबा जिल्ह्यात होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. महाडनंतरच्या वर्षांत आंबेडकरी जलसा वाढला. भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी स्वतः उतारवयात 'आंबेडकरी जलसे: स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिलं आणि ते १९७८ मध्ये आलं, म्हणून आज आपण या मंडळींबद्दल काही सांगू शकतो. आपल्या दहा सभांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचं बाबासाहेबांचं बोलणं या परंपरेत सगळीकडे सांगितलं जातं. जलशानं तमाशातला शृंगार काढून टाकला, बायकांच्या भूमिका पुरुषांनीच केल्या, आणि बायाबापड्या, लेकरं सगळ्यांनी समोर बसून पाहावं असा खेळ उभा केला. घरदार घेऊन पाहायला जावं असं करमणुकीचं ठिकाण वस्तीला यातून मिळालं. अस्वच्छ धंदा सोडा, मुलांना शाळेत घाला, दारू सोडा, पाणवठ्यावरचा हक्क मागा, हे सवाल-जवाबात यायचं.

इथे अटलांटिकपलीकडचा एक कागद शेजारी ठेवावासा वाटतो. १९२६ मध्ये डू बॉइस यांनी 'क्रायसिस' या आपल्या मासिकात हार्लेमच्या एका छोट्या हौशी नाटक मंडळीबद्दल लिहिलं. क्रिग्वा प्लेअर्स हे तिचं नाव, आणि १३५ व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयाचं तळघर हा तिचा रंगमंच. काळ्या लोकांची खरी रंगभूमी कशाला म्हणावं, याच्या चार अटी त्यांनी तिथे घातल्या: नाटक त्यांच्या जगण्याबद्दल हवं, त्यांच्यातल्याच लेखकानं लिहिलेलं हवं, पाहणारा त्यांचाच हवा, आणि प्रयोग त्यांच्याच वस्तीत हवा. आंबेडकरी जलशाला या चार अटी लावून पाहिल्या तर चारही पुऱ्या होतात. कर्डकांपर्यंत हा लेख पोचला असण्याचं काही कारण नाही. दोन समाजांनी, एकमेकांची खबर नसताना, जवळजवळ एकाच दशकात एकच उत्तर काढलं. कारण साधं आहे. दोघांनाही नाटकगृहात जागा नव्हती, आणि असती तरी तिथे चालणाऱ्या नाटकात त्यांची माणसं नव्हती.

आता थोडं मागे जावं लागतं. जुलै १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, गुलाममुक्तीच्या घोषणेला पन्नास वर्षं झाली म्हणून भरलेल्या प्रदर्शनात, डू बॉइस यांनी लिहिलेला 'द स्टार ऑफ इथिओपिया' हा भव्य खेळ मॅनहॅटनमध्ये झाला. साडेतीनशे कलाकार, बहुतेक हौशी, आणि विषय काळ्या माणसाचा युगायुगांचा प्रवास: आफ्रिकेतली प्राचीन संस्कृती, गुलामांची जहाजं, बंडं, मुक्ती. बाबासाहेबांनी तो पाहिल्याचा एकही कागद नाही, म्हणून ही दोन नावं मी जोडत नाही. पण शहर एक, वर्ष एक, आणि पुढे बेचाळीस वर्षांनी औरंगाबादला काय झालं ते पाहिलं की हा खेळ ध्यानात ठेवावा लागतो.

त्या दोघांना जोडणारा कागद १९४६ चा आहे आणि तो अस्सल आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जपलेल्या डू बॉइस यांच्या कागदपत्रांत बाबासाहेबांचं पत्र आहे, दादरच्या राजगृहातून गेलेलं. आपण निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास करत आलो आहोत, अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती इतकी सारखी आहे की हा अभ्यास आवश्यकच ठरतो, असं त्यात म्हटलं आहे. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, ही विनंती. ३१ जुलै १९४६ ला डू बॉइस यांचं उत्तर गेलं. आपलं नाव आणि काम मला ठाऊक आहे, अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, लागेल ती मदत करीन. पत्रव्यवहार एवढाच. भाषा कामाची आहे, एक अभ्यासक दुसऱ्याकडे कागद मागतो आहे. १८७३ च्या अर्पणपत्रिकेत जी बाजू रिकामी होती ती इथे भरली गेली, कारण या वेळी पत्र गेलं ते मुक्तीसाठी झगडणाऱ्या काळ्या माणसाला.

ज्या काळात हे पत्र गेलं त्याच काळात बाबासाहेब कॉलेजं उभी करत होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना ८ जुलै १९४५ ची, मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं, १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली, आणि पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात. खेड्यांतून आलेली, घरातून पहिल्यांदाच शिकणारी मुलं नागसेनवन या कॉलेजच्या परिसरात राहून शिकू लागली.

या मुलांसाठी प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. १९५५ मध्ये मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. नाटक एका गोष्टीवर थांबत नाही. रामायणकाळापासून ते आजपर्यंत, एकेका युगातून अस्पृश्यतेचा प्रवास ते दाखवत जातं. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे आरंभ इथून धरतात. मला यातली रचना लक्षणीय वाटते. एका माणसाचं दुःख दाखवायचं तर एक घर पुरतं, जोतीरावांनी ते केलंच होतं. पण विशीतल्या मुलाला आपण इथे कसे पोचलो हे समजून घ्यायचं असेल तर त्याला युगांमधून चालावं लागतं. पाठ्यपुस्तकात ज्याच्या समाजाचा इतिहास नाही, तो मुलगा आपला इतिहास अंगावर वेश चढवून, रंगमंचावर उभा राहून शिकतो. न्यूयॉर्कला १९१३ मध्ये हौशी कलाकारांनी हेच केलं होतं, आणि औरंगाबादला १९५५ मध्ये हेच झालं.

मिलिंदमध्ये दुसरीही गोष्ट घडली. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून साठीच्या दशकात परतले, मिलिंदमध्ये आले, आणि काळ्या लेखकांचं साहित्य तिथल्या चर्चेत आलं. पुढे दलित लेखकांना ते सांगत राहिले की मध्यमवर्गीय मराठी साहित्याच्या चौकटीत आपली माणसं बसवत राहण्यात अर्थ नाही. त्यांचे लेख पुढे 'दलितांचे विद्रोही वाङ्मय' या नावानं एकत्र आले. गंगाधर पानतावणे मिलिंदमध्येच शिकवत होते. १९६७-६८ च्या सुमाराला निघालेलं 'अस्मिता' हे नियतकालिक आणि त्याचंच पुढे झालेलं 'अस्मितादर्श' त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. जनार्दन वाघमारे यांचं 'अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक १९७८ मध्ये आलं. ते इंग्रजीचे प्राध्यापक, पुढे लातूरला प्राचार्य, नंतर नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. पुन्हा शाळामास्तरच.

तेव्हा १९७२ हे साल कुठे बसतं? मे महिन्यात नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी पँथर काढली, १९७३ मध्ये जाहीरनामा आला, त्यात अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेतलेलं आहे. नाव उचलायला एक बातमी पुरते. ते नाव ऐकल्याबरोबर गावोगावच्या मुलांना त्याचा अर्थ कळावा, त्यासाठी मात्र आधी जमीन तयार असावी लागते. ती शंभर वर्षांच्या शाळांनी, जलशांनी आणि कॉलेजच्या मासिकांनी तयार केली होती. कर्डकांच्या जलशात मांडीवर बसून हसलेलं मूल १९७२ मध्ये बापाच्या वयाचं झालं होतं, आणि त्याचा मुलगा पँथरच्या सभेला जात होता.

छापलेल्या कागदांच्या दृष्टीनं १९७८ आणि १९७९ ही दोन वर्षं विलक्षण आहेत. १९७८ मध्ये कर्डकांचं जलशांवरचं पुस्तक आलं, त्याच वर्षी वाघमाऱ्यांचं निग्रो साहित्यावरचं. १९७९ मध्ये 'तृतीय रत्न' पहिल्यांदा छापून निघालं. म्हणजे नाटक, जलसा आणि अमेरिका हे तीन धागे वाचकाच्या हातात एकाच वेळी आले. तो काळ शांत नव्हता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं १९७८ च्या जुलैत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या वर्षात घरं जळत होती त्याच वर्षात कुणीतरी जलशांच्या आठवणींची मुद्रितं तपासत होतं, कुणीतरी निग्रो कवींवरची प्रकरणं छापखान्यात देत होतं. घरं जळत असताना कागद वाचवणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार वाटतं.

नाटकाच्या बाजूनं त्याच सुमाराला प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आली. तिला दोनच माणसं लागतात. दोघंच मिळून अनेक भूमिका करतात, नेपथ्य जवळजवळ नाही, विषय पाणी. कॉलेजच्या पोरांना, वस्तीतल्या मंडळांना, कामगार केंद्रांना ती करता आली, म्हणून ती महाराष्ट्रभर गेली. चवदार तळ्यापासून पन्नास वर्षांनी तोच घोट दोन मुलं मागत होती. हार्लेमच्या तळघरातल्या चार अटी इथेही लागू पडतात, आणि पैशाची पाचवी अट तर सगळ्यात आधी पुरी होते.

मराठी घरांत आफ्रिकी-अमेरिकी माणूस खऱ्या अर्थानं राहायला आला तो याच्या लगेच नंतर, आणि रंगमंचावरून नाही तर पुस्तकातून. वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ मध्ये राजहंस प्रकाशनानं काढलं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, टस्कीगीला शेतीशास्त्र शिकवणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी मुलांना आपल्या मामा-काकांइतका ओळखीचा झाला. शाळांच्या बक्षीस समारंभांत ते पुस्तक वाटलं गेलं, कथाकथनात आलं, सुट्टीत मोठ्यानं वाचलं गेलं. ज्या घरांत 'गुलामगिरी' कधी शिरली नाही त्या घरांतही ते पोचलं. कार्व्हरच्या गोष्टीतला वर्णद्वेष त्या घरांनी आपल्या गावच्या पाणवठ्याशी जोडून पाहिला का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझं मत असं की बहुतेकांनी तो जोडला नाही. पुस्तकाकडे बोट दाखवून उपयोग नाही. जोडून दाखवणारा विदूषक तिथे शेजारी उभा नव्हता.

२०१२ मध्ये पुण्यात गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' अतुल पेठे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांसाठी रात्रशाळा निघाली होती, त्यांनी जोतीरावांची आणि सावित्रीबाईंची भूमिका केली. या प्रयोगाच्या मुलाखती झाल्या, छायाचित्रं निघाली, परीक्षणं आली. पुढच्या इतिहासकाराला त्याची वानवा पडणार नाही.

वानवा आहे ती लहान जागांची. वांगणी ते खोपोली या पट्ट्यात गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत शाळांची स्नेहसंमेलनं झाली, आंबेडकर जयंतीला एप्रिलभर वस्त्यावस्त्यांत नाटुकली झाली, घाटाखालच्या आश्रमशाळांत मुलांनी फुल्यांचा फेटा बांधून संवाद म्हटले. यातलं फार थोडं कागदावर आहे, आणि जे आहे ते अजून उघडून पाहायचं आहे: शाळांची जावक रजिस्टरं, मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, सायक्लोस्टाइल केलेल्या हस्तपत्रिका, जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या. मंडपवाल्याला दिलेल्या पैशांच्या नोंदीवरून प्रयोगाची तारीख पक्की करता येते, पेटीवाल्याच्या बिदागीवरून जलसा होता की नाटक ते कळतं, आणि वर्गणीच्या यादीवरून समोर कोण बसलं होतं त्याचा अंदाज येतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ज्या कुणाच्या माळ्यावर अशा वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी एकदा कुणाला तरी दाखवाव्यात. १८५५ चं नाटक एकशेचोवीस वर्षांनी छापलं गेलं, तेही कुणीतरी ते जपून ठेवलं होतं म्हणूनच.